जाकीट चांगलं आहे हे कळलं कोणाला?

इंदूरमध्ये १ ऑगस्ट २०२५ पासून कलेक्टरांच्या आदेशानं हेल्मेटशिवाय पेट्रोल मिळणं बंद झालं, तेव्हा आमच्या घरच्या ग्रुपवर पेटलेला वाद अजून पुरता विझलेला नाही. सुरुवात अर्थातच हेल्मेटवरून झाली. पंपावर शेजारच्याचं हेल्मेट पाच मिनिटांसाठी उसनं घेणारे, दुधाच्या केटलीचं झाकण डोक्यावर ठेवून पेट्रोल भरून घेणारा तो व्हिडिओतला माणूस, सगळ्यांवर यथेच्छ हसून झालं. मग भाच्यानं हळूच जाकिटाचा विषय काढला. रविवारी मित्रांबरोबर जानापावला, कधी मांडूला जातो. पाच-सहा हजारांचं रायडिंग जाकीट घेऊ का?

दादा म्हणाला, "एवढ्या पैशांत नुसता दिखावा येतो. घ्यायचं तर वीस हजारांचं घे, नाहीतर नको." काकांनी राजदूतपासून लूनापर्यंत आपला सगळा इतिहास सांगून "आम्हाला काय झालं?" असं विचारलं. वहिनीचं म्हणणं एकच, मे महिन्यात हे अंगात घालून एबी रोडला सिग्नलवर दोन मिनिटं उभा राहून दाखव. शेवटी भाचा माझ्याकडे वळला, "आत्या, तिकडे काय बघून घेतात?"

मी मेलबर्नजवळ जिलाँगला राहते आणि इथे मोटरसायकल चालवते, म्हणून हा प्रश्न माझ्याकडे आला. घरच्यांना वाटतं इथे सरकार जाकिटाशिवाय गाडीवर बसूच देत नसेल. तसं काही नाही. ऑस्ट्रेलियातही सक्ती फक्त हेल्मेटची. उन्हाळ्यात समुद्राकडे जाणाऱ्या रस्त्यावर हाफ पँट आणि स्लिपरवर मोटरसायकल हाणणारे इथेही दिसतात, त्यामुळे 'तिकडची शिस्त' हा शब्दप्रयोग माझ्यापुरता मी कधीच सोडून दिला आहे. युरोपनं कायद्याची वाट धरली. एप्रिल २०१८ पासून लागू असलेल्या नियमांप्रमाणे तिथे मोटरसायकलस्वाराला वाचवण्याचा दावा करून विकलेला कपडा तपासून प्रमाणित झालेला असावा लागतो. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडनं त्याच वर्षी दुसरीच युक्ती काढली. मोटोकॅप नावाच्या योजनेत सरकारी संस्थांच्या पैशांतून जाकिटं, पँटी आणि ग्लोव्हज चक्क दुकानातून गिऱ्हाइकासारखे विकत घेतात, कंपनीला कळू न देता. मग ते कापतात, घासतात, फोडतात, आणि निकाल ताऱ्यांच्या रूपात सगळ्यांसमोर मांडतात. या चाचण्या आमच्याच गावात, डीकिन विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत झाल्या.

मला ही युक्ती कायद्याहूनही महत्त्वाची वाटते. "दोन वर्षं वापरतोय, मस्त आहे" हे वाक्य मिक्सरला चालतं. जाकिटाच्या बाबतीत ते फक्त चेन, खिसे आणि पावसाबद्दल काही सांगतं. जाकिटाचं खरं काम एकदाच, दोन-तीन सेकंदांपुरतं असतं, आणि बहुतेक जाकिटांवर ती वेळ कधी येतच नाही. म्हणजे वापरणाऱ्याला अनुभवातून शिकायला वाव नाही. दादाला महागडं जाकीट चांगलं वाटतं, काकांना कुठलंच जाकीट लागत नाही, आणि दोघांकडे पुरावा सारखाच आहे, तो म्हणजे अजून पडलो नाही.

आता आपलं इंदूर म्हणजे कापडाचं गाव. एम. टी. क्लॉथ मार्केटात ज्यांचं आयुष्य गेलं त्यांच्यासमोर ताग्याचं टोक धरलं, की चिमटीत चोळून ते भाव सांगतात. माझे आजोबा असेच होते. त्यामुळे जाकीट घ्यायला गेलं की आपण पहिल्यांदा काय करतो, तर कापड चिमटीत धरतो. जाड लागलं, जड लागलं की समाधान. दुकानदार वर सांगतो, "सहाशे डेनियर आहे, साहेब." पण डेनियर म्हणजे नऊ हजार मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन, दुसरं काही नाही. धागा पॉलिएस्टरचा की नायलॉनचा, विणलाय कसा, हे त्यात येत नाही. पाचशे डेनियरचं चांगलं नायलॉन सहाशेच्या साध्या पॉलिएस्टरपेक्षा डांबरावर जास्त टिकू शकतं. आजोबांची चिमटी डांबरासाठी नव्हतीच.

त्याहून मोठी गफलत लेबलवर होते. स्वस्त जाकिटावर मोठ्या अक्षरांत 'सीई लेव्हल २' छापलेलं असतं (सीई ही युरोपच्या नियमांची खूण) आणि घेणारा समजतो की जाकीट पास झालं. पास झालेलं असतं ते आतलं गार्ड, म्हणजे खांद्या-कोपराला बसवलेला तुकडा. त्याची परीक्षा वेगळी. साधारण पाच किलोचं वजन मीटरभर उंचीवरून पाडल्यावर जेवढी ऊर्जा लागेल, तेवढा, ५० जूलचा दणका द्यायचा आणि पलीकडे किती जोर पोचला ते मोजायचं. हातापायाच्या गार्डात सरासरी ३५ किलोन्यूटनच्या आत राहिलं तर लेव्हल १, २० च्या आत राहिलं तर लेव्हल २. पाठीचे नियम याहून कडक आहेत, १८ आणि ९. हे सगळं चांगलंच आहे, पण ज्या कपड्यात ते गार्ड बसवलंय तो पहिल्याच घसरणीत उसवला तर गार्ड रस्त्यावर आणि कोपर डांबरावर. कपड्याचं प्रमाणपत्र वेगळं असतं. त्यावर मोटरसायकलस्वाराचं चित्र, ईएन १७०९२ हा युरोपीय मानकाचा क्रमांक आणि ट्रिपल ए, डबल ए किंवा ए असा वर्ग छापलेला असतो. बी म्हणजे गार्डाशिवायचं ए, आणि सी म्हणजे नुसतं गार्ड धरून ठेवणारी जाळी. हे लेबल आतल्या बाजूला शिवलेलं नसेल तर बाहेरच्या 'लेव्हल २' चा अर्थ एवढाच, की त्यातल्या काही तुकड्यांचं प्रमाणपत्र कुणीतरी घेतलंय.

पाठीकडे तर बघायलाच नको. प्रमाणित जाकिटातसुद्धा पाठीचं गार्ड देणं बंधनकारक नाही, त्यामुळे तिथे बहुधा पातळ फोमची गादी असते. स्वस्तातही आणि पुष्कळदा महागातही.

दादाशी माझं इथेच पटत नाही. वर्ग पाहिले तर कमी किमतीच्या जाकिटानं लाजायचं कारण नाही. खांदे-कोपरांसारख्या पहिल्यांदा घासणाऱ्या जागी ट्रिपल ए च्या कापडाची घासून परीक्षा १२० किलोमीटर वेगाच्या हिशोबानं होते, डबल ए ची ७० च्या आणि ए ची ४५ च्या. पलासियापासून राजवाड्यापर्यंत जाणाऱ्याचा वेग किती असतो? शहरातल्या माणसाला प्रामाणिक ए वर्गाचं हलकं, जाळीदार जाकीट पुरेसं काम देईल, आणि ते वीस हजारांचं असायची गरज नाही. मानपूरच्या घाटातून ट्रकांच्या मधून मांडूला जायचं असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा निदान डबल ए बघावं.

वहिनीचा मुद्दा मात्र मी सगळ्यात गंभीरपणे घेते. युरोपच्या वर्गांमध्ये ४२ अंशांना जागा नाही. मोटोकॅपमध्ये आहे, कारण हाही उन्हाचाच देश. तिथे संरक्षणाचे तारे वेगळे आणि घाम-हवा खेळण्याचे वेगळे. पाच तारे संरक्षणाला आणि एक तारा हवेला असं चामड्याचं जाकीट इंदूरच्या मे महिन्यात खुंटीवरच राहणार, आणि खुंटीवरचं जाकीट कोणालाच वाचवत नाही. परदेशातून सल्ले देणाऱ्यांना हे कळत नाही, असं वहिनी म्हणते ते खरं आहे. माझ्यासारख्या लोकांना 'पूर्ण गियर घाला' म्हणायला काय जातं? इथे वर्षातले कितीतरी महिने जाकीट उबेसाठीच घालावंसं वाटतं.

काकांसाठी माझ्याकडे आकडे आहेत. कॅनबेरा परिसरात अपघात झालेल्या २१२ मोटरसायकलस्वारांचा अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. त्यात खास मोटरसायकलसाठी म्हणून विकल्या गेलेल्या जाकिटांपैकी जवळजवळ ३० टक्के जाकिटं फाटून निकामी झालेली निघाली, ग्लोव्हज सुमारे २६ टक्के. म्हणजे श्रीमंत देशात, नावाजलेल्या दुकानांत घेऊनही दहातली तीन जाकिटं वेळेला कामी आली नाहीत. तरीसुद्धा जाकीट घातलेल्यांचं हॉस्पिटलात दाखल होण्याचं प्रमाण सुमारे २१ टक्क्यांनी कमी होतं. मोटरसायकलची पँट घातलेल्यांमध्ये ते निम्म्यावर आलं, ग्लोव्हज घातलेल्यांमध्ये जवळजवळ ६० टक्क्यांनी कमी. आणि कमी बजेटवाल्यानं भिंतीवर चिकटवून ठेवावी अशी गोष्ट म्हणजे घोट्याच्या वर येणारे साधे बूट, मोटरसायकलचे नव्हेत, कुठलेही. स्पोर्ट शूज घालणाऱ्यांपेक्षा ते घालणाऱ्यांना पायाला इजा व्हायची शक्यता निम्म्याहून कमी होती.

आपल्याकडे सगळे पैसे जाकिटावर जातात, कारण फोटोत जाकीट दिसतं. भाच्याला मी म्हटलं, सहा हजारांतलं जाकिटाला थोडं कमी ठेव, चांगले ग्लोव्हज घे, आणि पीथमपूरच्या कारखान्यांत कामगार घालतात तसले घोट्यावरचे बूट सियागंजात बघ. गुडघ्यांची गार्डं जीन्सच्या आत घालता येतात. मित्रांमध्ये शान थोडी कमी होईल, झाली तर झाली.

दुकानात काय बघायचं हे त्याला फोनवर सांगितलं तेही इथे लिहिते. जाकीट घालून आरशासमोर उभं राहू नये, गाडीवर बसावं, नाहीतर खुर्चीवर उलटं बसून हात पुढे धरावेत. मग दुसऱ्यानं कोपराचं गार्ड पकडून फिरवून बघावं. ते बाहीसकट कोपराच्या बाजूला सरकलं तर लेव्हल कितीही असो, ते जाकीट आपलं नाही. पुष्कळदा एक नंबर लहान घेतल्यानंच काम होतं. ग्लोव्हजचा मनगटाचा पट्टा पक्का लावून कोणालातरी बोटांकडून ओढायला सांगावं. निघाला तर पडतानाही निघणार. शिलाई आतून अस्तर बाजूला करून बघायची, खांद्याला आणि बाहीच्या मागच्या बाजूला. एकेरी दिसली तर ठेवून द्यायचं. बायकांसाठी इंदूरच्या दुकानांत माप मिळणं ही वेगळीच रड आहे. पुरुषांचं 'एस' घालून कोपराचं गार्ड मनगटाकडे येतं, आणि दुकानदार म्हणतो, छान दिसतंय मॅडम.

हेल्मेटाची पारख निदान एवढी अवघड राहिलेली नाही. जून २०२१ पासून आयएस ४१५१ चा शिक्का नसलेलं दुचाकीचं हेल्मेट विकणं बेकायदा आहे, आणि शिक्क्याखालचा सीएम/एल नंबर बीआयएस केअर अॅपवर टाकून खरा-खोटा कळतो. फुटपाथवर दोन-तीनशेला मिळणारी टोपली पेट्रोलपुरती असते हे घेणाऱ्यालाही ठाऊक असतं. जाकिटाला अशी सक्ती नाही, आणि आणावी का याबद्दल मी साशंक आहे. सक्ती आली की शिक्के छापणारेही येतात, हेल्मेटांत ते आलेच. शिवाय दिवसभर जेवण पोचवत फिरणाऱ्या पोरांच्या अंगावर आज नुसता कंपनीच्या नावाचा टी-शर्ट आहे. जाकिटाची किंमत दुप्पट करून त्यांचं काही भलं होणार नाही.

मला हवी आहे ती फाडाफाडी, आणि ती आपल्याकडे करायला काय कमी आहे? गाड्यांसाठी पीथमपूरला नॅट्रॅक्स हे चाचणी केंद्र आहे, ११.३ किलोमीटरचा वेगाचा ट्रॅक २०२१ मध्ये तिथे सुरू झाला. रविवारच्या रायडर्सच्या खंडवा रोडवरच सिमरोलला आयआयटी आहे. परदेशीपुऱ्यात रेडिमेड कपड्यांचे कारखाने आहेत, जिथल्या कारागिराला शिलाई कुठे सुटते हे पोटातून कळतं. बाजारात सगळ्यात जास्त खपणारी जाकिटं दुकानातून, पावती घेऊन विकत आणायची, ठरलेल्या पद्धतीनं घासायची, आणि कुठलं किती सेकंदांत फाटलं ते नावानिशी छापायचं. चामड्याचं, जाळीचं, पाच हजारांचं, पंचवीस हजारांचं, सगळं एका यादीत. स्वस्त बनवणाऱ्यांपैकी जो प्रामाणिक आहे त्याला याचा सगळ्यात जास्त फायदा होईल, कारण आज त्याच्याकडे आपलं जाकीट शेजारच्यापेक्षा बरं आहे हे दाखवायला काहीच साधन नाही.

दादाचं यावर उत्तर आलं, "आणि त्यात वीस हजारांचं नापास झालं तर?" मी लिहिलं, तर ते नाव सगळ्यात वर छापायचं.