‘जुन्या वेली म्हणजे निव्वळ मार्केटिंग’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमची कमेंट काल रात्रीच वाचली, पण लगेच लिहिलं असतं तर रागात लिहिलं गेलं असतं म्हणून थांबलो. अर्जेंटिनाच्या दक्षिणेकडच्या पातागोनियातल्या पिनो न्वार या लाल वाइनच्या द्राक्षावरचा माझा लेख तुम्हाला नाही पटला, हरकत नाही. पण "एकदा परदेशवारी झाली की लेबलही वेदवाक्य वाटायला लागतं, 1932 च्या वेली वगैरे सगळं महाग बाटली खपवायचं मार्केटिंग" ही काय बोलायची पद्धत झाली? मी तुमच्याशी कधी असं बोललोय का?

आधी चूक कबूल करतो. तिथल्या रिओ नेग्रो नदीच्या खोऱ्यात पाऊस पडतच नाही असं मी लिहिलं होतं, ते चुकलं. वर्षाला साधारण 200 मिलिमीटर पडतो, तुम्ही बरोबर पकडलंत, लेखात दुरुस्त केलंय. आता 200 मिलिमीटरवर द्राक्षबाग जगत नाही हे तुम्हालाही माहीत असेल. सगळं पाणी नदीवरून काढलेल्या कालव्यांचं, कालवा संपला की पुढे नुसती काटेरी झुडपं आणि वारा. आणि "वाळवंट म्हणता आणि थंड कसं म्हणता" असं विचारलंत, तर लडाख आठवा. अँडीज पर्वत पश्चिमेचा पाऊस अडवतो म्हणून कोरडं, आणि 39 अंश दक्षिणेला असल्यामुळे थंड, भर उन्हाळ्यात दुपारी तिशीच्या वर गेलेला पारा रात्री दहा-बारावर येतो. यात न पटण्यासारखं काय आहे?

आता मार्केटिंगचं. हे मला लागलं, कारण मी निफाड तालुक्यातल्या द्राक्षवाल्याच्या घरात वाढलोय. मी नववीत असताना वडिलांनी थॉम्पसन जातीच्या द्राक्षाची बाग उपटून काढली, चौदावं वर्ष होतं, माल घटला होता, डोळे नीट फुटत नव्हते, कर्ज डोक्यावर. ट्रॅक्टरला साखळी लावून एकेक बुंधा ओढला आणि वडील दिवसभर बांधावर बसून होते, जेवायलाही आले नाहीत. आपल्याकडे वेल कधी झोपतच नाही हो, एप्रिलला खरड छाटणी, ऑक्टोबरला गोडी छाटणी, वर्षातून दोनदा तिला फुटायला लावायचं, वर डावणी-भुरी या बुरशीच्या रोगांसाठी फवारण्या, मग ती म्हातारी होणार कधी? वेल सत्तर-ऐंशी वर्षं सांभाळायची म्हणजे काय ते मला लेबल वाचून कळलेलं नाहीये.

तिकडे हिवाळ्यात पानं गळून वेल खरोखर झोपते. हवा इतकी कोरडी की आपल्यासारखा डावणीचा धसका नाही. युरोपातल्या बागा एकोणिसाव्या शतकात ज्या फिलॉक्सेराने खाल्ल्या त्या किडीला वाळूत मुळापर्यंत नीट पोचता येत नाही, म्हणून तिथे खुंटावर, म्हणजे दुसऱ्या जातीच्या मुळावर, कलम न करता स्वतःच्या मुळावरच्या वेली अजून उभ्या आहेत. त्यांचं वय कुणी बाटलीवर चिकटवलेलं नाही, जमिनीनं आणि हवेनं ते टिकवलंय.

माइन्के गावाजवळची ही 1932 ची बाग 2004 मध्ये पिएरो इंचिझा देला रोकेत्ता या इटालियन वाइनकाराने घेतली तेव्हा ती जवळपास सोडून दिलेली होती. त्या खोऱ्याचा मुख्य धंदा सफरचंद आणि नासपतीचा. 72 वर्षांची, कमी माल देणारी बाग उपटून सफरचंद लावणं हाच शहाणा हिशोब होता, त्यांनी ती ठेवली आणि तिच्यावरच चाक्रा ही वायनरी उभी केली. "जुन्या वेली" या शब्दाला बऱ्याच देशांत कायद्याची व्याख्या नाही हे तुमचं म्हणणं खरं आहे, पण इथे मोघम "जुन्या" नाही लिहिलंय, लागवडीचं सालच दिलंय.

मी त्या बुंध्याला हात लावलाय. मांडीएवढा जाड, पिळलेला, साल पापुद्र्यासारखी हातात येते. एकाचा तर मधला भाग पोकळ होता, एक बाजू पूर्ण वाळलेली आणि दुसऱ्या बाजूने दोन काड्या, त्यांना मुठीत मावतील एवढेसे घड. तिथूनच वडिलांना फोन लावला. त्यांनी पहिलं विचारलं, खुंट कुठला? म्हटलं खुंट नाहीच, स्वतःच्या मुळावर आहे. बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "पाणी कितव्या दिवशी देतात रे?" ज्या माणसाने स्वतःची बाग उपटलीये त्याला तुम्ही मार्केटिंग समजावून सांगणार?

बाकीच्या मुद्द्यांत फारसं काही नाही. रंग फिका म्हणजे पाणी घातलंय असं नसतं, पिनोची सालच पातळ असते, हे मूळ लेखात होतं, तुम्ही वाचलं नाहीत. किंमत परवडत नसेल तर घेऊ नका. कमी माल म्हणजे चांगली चव हे कुठे सिद्ध झालंय, या तुमच्या प्रश्नावर वेगळं लिहीन कधीतरी, इथे जागा नाही.

तुमची कमेंट मी काढत नाहीये, खाली तशीच राहील. पुन्हा लिहायचं असेल तर वाइनबद्दल लिहा, माझ्या परदेशवारीबद्दल नको.