उपग्रह वरून बघतो. जांभ्याखाली कोण बघणार?

"इस्रो-नासाचा निसार उपग्रह दर १२ दिवसांनी जमीन सेंटिमीटरात मोजतो, एआय दरडीचा इशारा देतं, अहवालही तेच लिहितं. मुलांना जिऑलॉजीला घालू नका, नोकऱ्या नाहीत." चिपळूण-खेडच्या ग्रुपांवर हा मजकूर फिरतोय. माझं पोट पायाखालची जमीन तपासणाऱ्या बोअरच्या रिगवर चालतं, तेव्हा मी तटस्थ नाही, हे आधीच सांगून टाकतो.

निसारचं कौतुक मलाही आहे. ३० जुलै २०२५ ला तो वर गेला. रडार असल्यामुळे आपल्या आषाढातल्या ढगांचा त्याला अडसर नाही. हळूहळू सरकणारा उतार तो छान पकडेल. पण २२ जुलै २०२१ ला तळियेवर दरड आली ती धुवांधार पावसात, बघता बघता. अशा दरडीला १२ दिवसांची फेरी काय कामाची? शिवाय हे रडार तिरकं बघतं, त्यामुळे उभ्या डोंगराच्या काही बाजू त्याला दिसतच नाहीत.

इशाऱ्याचं म्हणाल, तर एआय जुन्या दरडींच्या नोंदींवर शिकतं. २०२३ मध्ये गाडली गेलेली इर्शाळवाडी सरकारी दरडप्रवण यादीत नव्हती. यादी भरायला कुणाला तरी डोंगर चढावाच लागतो. कोलकात्यात २०२४ ला राष्ट्रीय भूस्खलन पूर्वानुमान केंद्र सुरू झालं, तेही भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणानेच चालवायला घेतलं. यंत्रं आली ती भूशास्त्रज्ञांच्याच दारात!

राहिला जमीन तपासणीचा अहवाल. इथे मात्र हा मजकूर लिहिणाऱ्याने सड्यावर, म्हणजे कोकणातल्या कातळाच्या पठारावर, बोअर मारताना कधी पाहिलेलं नाही, एवढं नक्की. वरचा जांभा, म्हणजे आपला तांबडा सच्छिद्र दगड, चिऱ्यासारखा कडक. जमिनीचा कडकपणा मोजायला नळीवर ६३.५ किलोच्या हातोड्याचे पन्नास ठोके घातले तरी ती जागची हलत नाही. ड्रिलर म्हणतो, "साहेब, कातळ लागला, थांबवू?" थांबवलं तर कागदावर पाया उत्तम. एकदा मी पुढे न्यायला लावलं. बोअरमध्ये सोडलेलं, मघापासून लाल होऊन वर येणारं पाणी अचानक यायचंच बंद झालं, खाली कुठेतरी पोकळीत गेलं. त्याच्याखाली निघाली पांढरट, बोटाने दाबली तर साबणासारखी सटकणारी चिकणमाती. पावसाचं पाणी जांभ्यातून झिरपून याच थरावर साठतं आणि वरचा भार घसरायला वाट मिळते. कोअर बॉक्समध्ये, म्हणजे बोअरमधून निघालेले नमुने ठेवायच्या पेटीत, त्या मीटरभराच्या जागी मूठभर चिखल होता. पाणी परत आलं नाही, ही नोंद रिगपाशी उभ्या माणसाने वहीत केली तरच अहवालात येते. वहीत नसेल, तर एआय ती कुठून आणणार?

"नोकऱ्या नाहीत" यावर फार लिहीत नाही. यूपीएससी भू-वैज्ञानिकांची वेगळी परीक्षा घेते, आणि चिपळूणजवळच्या परशुराम घाटातला उतार अजून कुणाला तरी सांभाळायचाय. मागच्या अहवालातली पानं उचलून नव्यात चिकटवायचं काम मात्र जाईल. जाऊ दे, त्या पानांपायी दोनदा मीच तोंडघशी पडलोय.