प्रश्नचिन्हाला जागा मिळेना

आमच्या अंधेरीच्या कचेरीत सध्या एकच वाद पेटलेला आहे: फाइलींवरची चिमुकली चिन्हे ठेवावीत की काढून टाकावीत? आम्ही आमचा कोड अजूनही सबव्हर्जनमध्ये, म्हणजे सर्वांच्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या सामायिक कोठारात, ठेवतो आणि विंडोजवर त्या कोठाराशी जोडून देणारा टॉर्टॉइज एसव्हीएन नावाचा प्रोग्राम, म्हणजे कासव, पाळलेले असल्यामुळे प्रत्येक फाइलच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात तिची खुशाली उमटते. हिरवी बरोबरची खूण म्हणजे सर्व क्षेम. लाल उद्गारचिन्ह म्हणजे आपण काहीतरी बदलले आहे. पिवळा त्रिकोण म्हणजे आपण आणि आणखी कोणीतरी एकच ओळ बदलली असून आता भांडण अटळ आहे. आणि निळे प्रश्नचिन्ह म्हणजे ही फाइल कोणाची, हे कासवाला ठाऊकच नाही.

शेजारच्या खुर्चीवरचे ज्येष्ठ सहकारी चिन्हांच्या कट्टर विरोधात आहेत. चिन्हे ताजी राहावीत म्हणून एक प्रोग्राम पडद्यामागे डिस्क चाळत बसतो आणि त्यापायी माझ्या लॅपटॉपचा पंखा गिरणीसारखा घरघरतो, हे त्यांना सहन होत नाही. "अहो, काढून टाका त्या टिकल्या," ते म्हणतात, "कमांड टाकून विचारावं, फाइल काय ते सांगते." त्यांचे चुकत नाही, पण गाडीची वेळ तोंडपाठ असूनही दर दोन मिनिटांनी इंडिकेटरकडे मान वर करून पाहणाऱ्या माणसाला हे कसे पटावे?

एका शुक्रवारी मात्र माझा पक्ष लंगडा पडला. फोल्डरवर स्वच्छ हिरवी खूण पाहून मी निर्धास्तपणे मेट्रोत बसलो आणि घाटकोपरच्या पुलावर डोंबिवलीची गाडी गाठण्याच्या ऐन धक्काबुक्कीत मॅडमचा फोन आला. बिल्ड फुटला होता, म्हणजे सगळ्यांचा कोड जोडून प्रोग्राम तयारच होत नव्हता. "तुमच्याकडे चालत असेल हो, पण इकडे ती फाइलच नाहीये." मी नवी फाइल लिहिली होती, पण ती सबव्हर्जनमध्ये ॲड करायचीच राहिली होती. कमिटच्या, म्हणजे बदल सबव्हर्जनमध्ये चढवण्याच्या, खिडकीत अशा बेवारशी फाइलींची यादी दिसते खरी, परंतु त्या गर्दीला कंटाळून तिथली टिक मीच पूर्वी काढून ठेवली होती. आत अशी फाइल पडून असली, तरी सेटिंग मुद्दाम बदलल्याशिवाय वरच्या फोल्डरची हिरवी खूण ढळत नाही. उरले निळे प्रश्नचिन्ह, आणि ते तर माझ्या पडद्यावर कित्येक महिन्यांत उगवलेच नव्हते.

सोमवारी शोध घेतल्यावर कळले की विंडोजमध्ये अशा चिन्हांसाठी जागा मुळात १५. त्यातल्या काही विंडोजने स्वतःसाठीच राखलेल्या आणि उरलेल्या जागा नावांच्या अकारविल्हे मिळतात. डोंबिवलीचा प्रवासी बसायला मिळावे म्हणून उलटा कल्याणला जाऊन त्याच गाडीने परत येतो, तशी युक्ती इथेही चालते: ड्रॉपबॉक्स आणि वनड्राइव्ह या फाइलींवर चिन्हे लावणाऱ्या इतर प्रोग्रामांनी आपल्या नावांआधी रिकाम्या जागा घातल्या, म्हणजे ते आपोआप रांगेत पुढे. पुढे कासवानेही तेच शिकून घेतले. मात्र कासवाच्या कुटुंबात चिन्हे नऊ, आणि त्यांत नवव्या क्रमांकावर नेमके प्रश्नचिन्ह! दाराला लटकलेल्या शेवटच्या माणसाप्रमाणे ते कधीतरी गळून पडले आणि गाडीतल्या कोणाला पत्ताही लागला नाही. म्हणजे ज्या एका चिन्हासाठी मी एवढा भांडत होतो, ते माझ्याकडे नव्हतेच. (हे मी शेजारी सांगितलेले नाही.)

ही नावांची रांग विंडोजच्या रजिस्ट्री नावाच्या अंतर्गत नोंदवहीत असते; तिच्यात हात घालायला ॲडमिनचा पासवर्ड लागतो, आणि आमच्याकडे तो मिळवण्यापेक्षा ठाण्यात पार्किंग मिळवणे सोपे. सुदैवाने कासवाच्या सेटिंगमध्येच नको असलेली चिन्हे बंद करता येतात. 'दुर्लक्षित' आणि 'कुलूपबंद' या दोन चिन्हांना मी निरोप दिला आणि लॅपटॉप बंद करून पुन्हा सुरू केला.

आणि उगवले! निळेशार, ठसठशीत प्रश्नचिन्ह. मात्र ते उगवले त्या फाइलवर, जिच्याबद्दल दिवाळीआधीच्या मीटिंगमध्ये मी, "ती केव्हाच चढवली आहे," असे सर्वांदेखत सांगितले होते.

"काय हो, आलं का तुमचं चिन्ह?" शेजारून विचारणा झाली.

"आलं की," मी म्हणालो आणि खिडकी हळूच मिटली.