बावन्नाव्या वर्षी काळा कोट

रविवारी सकाळी साताऱ्याच्या पोवई नाक्यावर पहिला चहा संपायच्या आत अण्णाने सांगून टाकलं, "बँकेत व्हीआरएसचा, म्हणजे स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज दिलाय. लॉ सीईटी देणार. एलएलबी करायचं आणि मग फौजदारीच चालवायची."

बापू पोलिसात हवालदार होते, निवृत्त होऊन आता सहा वर्षं झाली. त्यांनी कप खाली ठेवला. "वकिलीची सनद हातात पडेपर्यंत छप्पन्न होतील तुला. कोण घेणार कोर्टात उभं करून?"

"आणि वयाची अट?" मेडिकलवाल्या भाऊने विचारलं.

ती नाही, हे आमच्यातल्या वकिलाने लगेच सांगितलं. पंचेचाळिशीनंतर सनदच द्यायची नाही असा नियम बार कौन्सिलने एकदा केला होता, तो सुप्रीम कोर्टाने १९९५ मध्ये रद्द ठरवला. खुल्या प्रवर्गात पदवीला ४५ टक्के असले की तीन वर्षांच्या कोर्सच्या सीईटीला बसता येतं. नोंदणी शुल्कही २०२४ च्या निकालापासून खुल्या प्रवर्गाला ७५० रुपयांच्या वर लावता येत नाही.

"मग नोकरी सांभाळून कर ना," भाऊ म्हणाला.

"सत्तर टक्के हजेरी लागते. आणि सनद घेतल्यावर पूर्णवेळ पगारी नोकरी चालतच नाही," वकील म्हणाला. "पण अण्णा, खरी अडचण पुढे आहे. पहिली चार-पाच वर्षं सिनियरच्या मागे फायली घेऊन उभं राहायचं. तो तुझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान असेल. तारीख घे, नक्कल काढून आण, असं तो सांगणार आणि तू करणार. महिन्याला हातात काय येईल याचा भरवसा धरू नकोस. पोरीचं शेवटचं वर्ष आहे ना अजून?"

अण्णा म्हणाला, तिची फी बाजूला काढून ठेवलीय, पेन्शनवर घर चालेल. हे ऐकून मला बरं वाटलं. हा हिशोब जुळत नसता तर मीच त्याला अडवलं असतं.

मग अण्णाने कायद्याचा मुद्दा काढला. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, खुनाच्या तीनशेदोनचं एकशेतीन झालं, जुने वकीलसुद्धा नव्याने कलमं पाठ करतायत, म्हणजे सगळे एकाच रेषेवर आले. वकिलाला हे अजिबात पटलं नाही. "आकडे बदलले, उलटतपास नाही बदलला. त्या तारखेआधीचे गुन्हे जुन्याच कलमांखाली चालतात, म्हणजे तुला दोन्ही पाठ लागणार." मात्र एक गोष्ट त्याने कबूल केली. अण्णाने सत्तावीस वर्षं कर्जाच्या फायली चाळल्यात, खोटे शिक्के आणि बनावट सातबारे पकडलेत. चेक बाउन्सच्या किंवा फसवणुकीच्या केसमध्ये बँकेच्या साक्षीदाराला नेमकं कुठे धरायचं, हे त्याला कळेल.

बापूंची शंका वेगळी होती. "रात्री अकराला आरोपीची आई दारात येते. रडत असते. तेव्हा उठून चौकीत जायला लागतं. तुझी शुगर, तुझ्या गोळ्या..."

इथे मला राहवलं नाही. चार वर्षांपूर्वी माझ्या बहिणीच्या मुलाला मारामारीच्या गुन्ह्यात अटक झाली होती. वकिलाने वकीलपत्रावर सही घेतली, पैसे घेतले. रिमांडच्या, म्हणजे पुढची कोठडी ठरायच्या दिवशी व्हरांड्यातून जाता जाता 'एमसीआर झाला' एवढंच म्हणाला. बहिणीला वाटलं, पोरगा सुटला. तिने कंदी पेढ्यांचा पुडा आणला आणि कोर्टाच्या पायऱ्यांवर वाट बघत बसली. पोलिस कोठडी संपून आता न्यायालयीन कोठडी, म्हणजे पोराला जेलमध्ये नेणार आणि आपण जामिनाला अर्ज करायचा, हे तिला शेवटी गाडीवरच्या शिपायाने सांगितलं. दोन मिनिटांचं काम होतं ते. ज्याने घरातली आजारपणं, कर्जं, मयती बघितल्यात, तो माणूस त्या दोन मिनिटांसाठी थांबतो. पंचविशीतल्या पोराला ते जमत नाही असं मी म्हणत नाही, पण अण्णाला जमेलच.

बापू जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "जामीन मंजूर होऊनही आत बसलेले बघितलेत मी. जामीनदार मिळत नाही म्हणून."

"देशातल्या चार कैद्यांमधले तीन कच्चे कैदी आहेत, म्हणजे खटल्याचा निकालच लागलेला नाही," वकील म्हणाला. २०२२ ची सरकारी आकडेवारी तेच सांगते. "कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळायचा हक्क आहे, त्याला उत्पन्नाची अट नाही. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम ४७९ आहे. पहिलाच गुन्हा असेल, दुसरी केस चालू नसेल आणि फाशी-जन्मठेपेचं कलम नसेल, तर कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ काढलेल्याला जामिनावर सोडायचं. पण दिवस मोजून कोर्टापुढे ठेवणारं कोणीतरी लागतं."

"दिवस मोजायचंच काम केलंय मी जन्मभर," अण्णा म्हणाला. "व्याजाचे."

वकिलाने त्याच्याकडे नीट बघितलं. "व्हीआरएस मंजूर व्हायच्या आत उद्या अकराला कोर्टात ये. सगळे रिमांड बघ. कुणाशी बोलू नकोस, नुसतं बस. संध्याकाळी मला सांग."

अण्णाने तिथूनच बँकेच्या मॅनेजरला फोन लावला आणि सोमवारची रजा सांगितली. बापू म्हणाले, "मीपण येतो. लॉकअपच्या बाजूला उभं राहून बघू."