सोव्हिएत संघातल्या ‘समान’ राष्ट्रांबद्दल

एक दावा सध्या फार फिरतो आहे: सोव्हिएत संघाने लहानमोठ्या सगळ्या राष्ट्रकांना, म्हणजे वेगळी भाषा-संस्कृती असलेल्या समाजांना, मातृभाषेतल्या शाळा दिल्या, शिक्षा झाली ती फक्त नाझींना सामील झालेल्यांना, आणि प्रजासत्ताकांना तर फुटून निघण्याचाही हक्क होता.

शाळांची गोष्ट पहिल्या दहा-पंधरा वर्षांपुरती खरी आहे. १९२३ नंतर स्थानिक भाषांत कारभार सुरू झाला, लिपी नसलेल्या भाषांना लिपी मिळाली. हे काम मोठंच होतं. पण ज्यांनी ते केलं त्यांचं काय झालं? कझाक लेखनपद्धती घडवणारे भाषातज्ज्ञ अहमत बैतुर्सिनोव यांना १९३७ मध्ये गोळ्या घातल्या. १९३८ मध्ये रशियन सर्व शाळांत सक्तीची झाली. कझाक, उझबेक भाषा अरबी लिपीतून रोमनमध्ये आणि १९४० च्या सुमारास सिरिलिकमध्ये ढकलल्या गेल्या. एकाच पिढीला दोनदा नव्याने अक्षरं गिरवावी लागली.

नाझींचा मुद्दा तर संतापजनक आहे. १८ मे १९४४ ला पहाटे क्रिमियातल्या तातारांची दारं ठोठावली गेली. काही दिवसांत सुमारे १ लाख ९० हजार माणसं मालगाड्यांत कोंबून मुख्यतः उझबेकिस्तानला पाठवली. त्यांत बहुसंख्य बायका, मुलं आणि म्हातारे होते, कारण धडधाकट पुरुष लाल सैन्यात लढत होते. युद्धानंतर त्या सैनिकांनाही हद्दपारीतच जावं लागलं. काही तातार जर्मनांच्या बाजूने लढले, हे खरं. रशियनही लढले, पण म्हणून सगळ्या रशियनांना कुणी गाडीत बसवलं नाही. आणि १९३७ मध्ये सोव्हिएत संघाच्याच अतिपूर्व भागातून कझाकस्तान-उझबेकिस्तानला हाकललेल्या सुमारे १ लाख ७० हजार कोरियनांचं काय? तेव्हा जर्मनीशी युद्ध सुरूही झालं नव्हतं.

‘स्टालिननंतर सगळं सुधारलं’ असंही म्हणतात. तातारांसारखेच हद्दपार झालेल्या कॉकेशसमधल्या चेचेनांना १९५७ मध्ये परतू दिलं. तातारांवरचा नाझींना साथ दिल्याचा सामूहिक आरोप १९६७ मध्ये मागे घेतला, तरी मोठ्या संख्येने क्रिमियात परतायला त्यांना १९८० च्या दशकाची अखेर उजाडली.

राहिला फुटून निघण्याचा हक्क. १९३६ च्या राज्यघटनेत तो कलम १७ मध्ये होता, १९७७ च्या घटनेत कलम ७२ मध्ये. तो बजावायचा कसा, हे सांगणारा कायदा आला एप्रिल १९९० मध्ये, लिथुआनियाने स्वातंत्र्य जाहीर केल्यानंतर. अटी अशा: सार्वमतात दोन तृतीयांश मतं, पाच वर्षांपर्यंतचा संक्रमणकाळ, आणि शेवटचा शब्द पुन्हा मॉस्कोतल्या प्रतिनिधिसभेचा.