मेल ब्लँक कसे ऐकावेत

१० जुलै जवळ आला की बग्ज बनी ससा आणि इतर कितीतरी अमेरिकी कार्टून पात्रांना आवाज देणाऱ्या मेल ब्लँक यांच्या आठवणींच्या पोस्टी फिरायला लागतात आणि प्रत्येकीत एकच बिरूद असतं: हजार आवाजांचा माणूस. १९८९ साली याच तारखेला, ८१व्या वर्षी ते लॉस एंजेलिसमध्ये गेले. हे बिरूद त्यांच्या थडग्यावरही कोरलंय. तरी मला ते पटत नाही. नुसते आवाज काढणारे गल्लोगल्ली सापडतात. गणेशोत्सवाच्या स्टेजवर कुणीही हौशी मिमिक्रीवाला दहा मिनिटांत डझनभर नट उभे करतो. ब्लँक यांचं मोठेपण आकड्यात शोधायला गेलात तर हाती काही लागत नाही. ते नट होते, आणि आवाज हे त्यांचं शरीर होतं.

सिल्व्हेस्टर बोका आणि डॅफी बदक घ्या. दोघंही तोतरे, दोघंही बोलताना तुषार उडवणारे. दोघांचा मूळ आवाज जवळजवळ एकच आहे. सिल्व्हेस्टरचा जसा बोलला तसा ठेवलाय, डॅफीचा रेकॉर्डिंगनंतर वेग वाढवलाय. हे घरी पडताळता येतं. ऑडॅसिटी नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. सिल्व्हेस्टरचं मागे संगीत नसलेलं एखादं वाक्य निवडा, कारण संगीत असलं की तेही सोबत वर चढतं आणि कानाला फसवतं. वाक्य सिलेक्ट करून वेग १२ टक्क्यांनी वाढवा. १२ टक्के म्हणजे जवळपास बरोबर दोन अर्धस्वर, पेटीवर काळी एकचं गाणं काळी दोनमध्ये नेल्यासारखं. मग एकेक टक्का वाढवत जा. कुठेतरी बोका नाहीसा होतो आणि बदक बोलायला लागतं. नेमका आकडा दर फिल्मला आणि दर दिग्दर्शकाला बदलतो, म्हणून तो कानानेच शोधायचा.

इथे हमखास होणारी चूक म्हणजे फक्त पिच बदलणारा पर्याय वापरणं. त्यात स्वर चढतो, पण वाक्याची लांबी तीच राहते आणि डॅफीची ती धापा टाकणारी लगबग येतच नाही. त्या काळी पट्टी आणि वेग एकत्रच बदलायचे, म्हणून आपणही एकत्रच बदलायचे. दुसरी अडचण कॉपीची. फिल्मवरून पॅल या टीव्ही-पद्धतीत उतरवलेल्या डीव्हीडी सेकंदाला २४ऐवजी २५ फ्रेमने चालतात, म्हणजे आवाज मुळातच ४ टक्के पुढे धावतो. यूट्यूबवरच्या बऱ्याच क्लिपांमध्ये तर कॉपीराइटच्या तपासणीतून निसटायला पट्टी मुद्दाम सरकवलेली असते. अशा क्लिपा ऐकून ब्लँक यांच्याबद्दल मत बनवू नये.

आता नटाच्या बाजूने विचार करा. फिल्ममध्ये वाक्य ३ सेकंदांत, म्हणजे ७२ फ्रेममध्ये बसायला हवं असेल आणि पुढे वेग १२ टक्के वाढणार असेल, तर माइकसमोर ते ३.३६ सेकंदांत बोलावं लागतं. नुसतं हळू बोललं तर वेग वाढवल्यावर शब्दांचा चोथा होतो. व्यंजनं जास्त टोकदार हवीत, श्वास कमी ऐकू यायला हवेत आणि राग मात्र पूर्ण वेगाचा हवा. संथ बोलत संतापणं किती कठीण आहे ते स्वतः करून बघा. पोर्की, ट्वीटी, स्पीडी गोन्झालेस हे सगळे असेच वेग वाढवलेले. बग्ज बनी तसा नाही. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन आणि ब्रॉन्क्स या दोन भागांची बोली मिसळून केलेला तो आवाज यंत्राच्या मदतीशिवाय उभा आहे, म्हणूनच त्यात इतका निवांतपणा आहे.

पोर्की डुकराची गोष्ट तर अभिनयाच्या वर्गात शिकवावी अशी आहे. त्याचा पहिला आवाज जो डॉहर्टी यांचा. ते खरोखर अडखळत बोलायचे, आणि अडखळणं त्यांच्या ताब्यात नसल्यामुळे रेकॉर्डिंग लांबायचं, फिल्म वाया जायची. १९३७च्या ‘पोर्कीज डक हंट’पासून ब्लँक आले. डॅफीही त्याच फिल्ममधून आला, दिग्दर्शक टेक्स एव्हरी. ब्लँक यांनी अडखळण्याला रचना दिली. पोर्की एका शब्दावर अडतो, तीन-चार धडका देतो, मग तो शब्द सोडून वेगळाच सोपा शब्द टाकून निसटतो. त्या धडका मोजून पाहा, त्यांना ठेका असतो. आपण त्याच्या दोषाला हसत नाही, त्याने काढलेल्या पळवाटेला हसतो.

ट्वीटीचं बोबडं बोलणंही असंच हिशेबी आहे. जिभेच्या मागच्या भागाने उच्चारायचे ‘क’, ‘ग’ त्याला जमत नाहीत, ते सगळे पुढे टाळूपाशी येऊन ‘ट’, ‘ड’ होतात. ‘थ’ आणि ‘स’चंही तेच. म्हणून ‘पुसी कॅट’चं ‘पुडी टॅट’. आपल्याकडची पोरं ‘काका’ला ‘ताता’ म्हणतात तीच ही वाट. ब्लँक नियम मोडत नाहीत, म्हणून तो पक्षी खरा वाटतो.

पण एकच फिल्म बघायची तर मी १९५१ची ‘रॅबिट फायर’ सांगेन. चक जोन्स दिग्दर्शक, लेखन मायकेल माल्टीज. शिकारीचा मोसम सशाचा की बदकाचा यावर बग्ज आणि डॅफी भांडतात आणि समोर बंदूक घेऊन एल्मर फड. मध्येच दोघं वेषांतर करतात: बग्ज बदक होतो, डॅफी ससा. आता माइकसमोरचा एकच माणूस बग्जने काढलेला डॅफीचा आवाज काढतोय आणि डॅफीने काढलेला बग्जचाही. डोळे मिटून ऐका. डॅफीच्या सोंगातला बग्ज त्याचा तोतरेपणा उचलतो, पण आतून मजा घेत असतो, त्याला कसलीच घाई नसते. बग्जच्या सोंगातला डॅफी ‘व्हॉट्स अप, डॉक’ म्हणतो, पण त्यातला निवांतपणा त्याला पेलत नाही. आपण फार हुशार आहोत ही खुशी त्याच्या आवाजातून बाहेर सांडते. नकलाकार इथे दोन आवाज देईल. ब्लँक चार देतात, आणि कोण कोण आहे याचा एकदाही घोळ होत नाही.

दुसरी फिल्म १९५३ची ‘डक अमक’. जवळजवळ सातही मिनिटं पडद्यावर डॅफी एकटाच असतो आणि कुणी अदृश्य चित्रकार त्याच्या पायाखालचा देखावा बदलत राहतो, त्यालाच खोडतो, त्याचा आवाजही काढून घेतो. डॅफी आधी सभ्य विनंती करतो, मग समजूत घालतो, मग लाडीगोडी, मग करारावर बोट, मग आरडाओरडा, मग पूर्ण कोसळणं. आवाज परत मिळतो तेव्हा तोंडातून भलतंच काहीतरी निघतं. दोनदा बघा आणि दुसऱ्यांदा चित्र बंद ठेवा. कोणत्याही एकपात्री प्रयोगाच्या तोडीचं काम आहे ते.

योसेमिटी सॅम (१९४५, ‘हेअर ट्रिगर’) हा घशाला सर्वांत महागात पडणारा. तो बोलतच नाही, गुरगुरत ओरडतो. अशा ओरडण्यात स्वरतंतूंच्या वरचे स्नायू आवळले जातात आणि तंतू एकमेकांवर आपटतात, तासाभरात आवाज बसतो. डबिंगमध्ये ओरडण्याची वाक्यं शेवटी ठेवतात ती याचसाठी: आधी घेतली तर उरलेल्या दिवसाचे साधे संवाद घोगरे येतात. नवशिके आणखी एक चूक करतात, जोर पोटातून न लावता गळ्यातून लावतात. १९८८च्या ‘हू फ्रेम्ड रॉजर रॅबिट’मध्ये बग्ज, डॅफी, पोर्की, ट्वीटी, सिल्व्हेस्टर ब्लँक यांनी केले, पण सॅमचा आवाज जो अलास्की यांचा होता. ऐंशीच्या घरातल्या, आयुष्यभर सिगारेट ओढलेल्या माणसाकडून तो येणं शक्यच नव्हतं.

बग्जच्या गाजराबद्दल थोडक्यात. ब्लँक यांना गाजराची ॲलर्जी होती ही अफवा आहे, पुढे पाठवू नका. माइकसमोर ते खरंच गाजर चावायचे; दुसऱ्या भाज्या चावून पाहिल्या, तसा आवाज येईना. तोंडात गाजर भरलेलं असताना वाक्य बोलता येत नाही, म्हणून चावायचं, थुंकायचं आणि पुढचं वाक्य घ्यायचं, एवढंच.

या फिल्मांमध्ये संवाद आधी रेकॉर्ड व्हायचे आणि चित्रं नंतर काढली जायची. रेकॉर्ड झालेला आवाज फ्रेमगणिक मोजून एक्सपोजर शीटवर उतरवला जातो: कोणत्या फ्रेमला ओठ मिटले, कुठे ‘आ’ झाला, कुठे श्वास. म्हणजे ब्लँक अर्धा सेकंद थांबले तर ॲनिमेटरच्या हातात १२ फ्रेम आल्या, आणि त्यात डॅफीने डोळे मिचकावायचे की मान वळवायची हे तो त्या थांबण्यावरून ठरवणार. मुंबईतल्या डबिंग आर्टिस्टचं काम याच्या नेमकं उलट असतं. ओठ आधीच ठरलेले असतात. मूळ वाक्यात जिथे ओठ मिटले तिथे तुम्हाला प, फ, ब, भ, म यांतलं काहीतरी आणावंच लागतं, आणि विनोदाचं टायमिंग दुसऱ्या भाषेत आपल्या पायावर उभं राहायला जागाच मिळत नाही. मूळ आवाज आणि डब केलेला आवाज यांची तुलना करताना हा फरक धरला पाहिजे. दोघांना एकाच तराजूत घालणं अन्यायाचं आहे.

आता एक गोष्ट, जी ब्लँक यांच्या चाहत्यांनी मनापासून मान्य करावी असं मला वाटतं. १९४०च्या दशकात त्यांनी पगारवाढ मागितली, निर्माते लिऑन श्लेसिंगर यांनी नकार दिला, आणि बदल्यात पडद्यावर नाव मिळालं. त्या काळात कार्टूनमधल्या आवाजाला नाव मिळणं ही मोठीच गोष्ट होती, आणि पुढच्या सगळ्या व्हॉइस आर्टिस्टांना त्याने बळ दिलं. पण बराच काळ त्या पाटीवर नाव फक्त त्यांचंच राहिलं. त्यामुळे एल्मर फडही त्यांचाच, असं अजूनही लोक लिहितात. एल्मर आर्थर क्यू. ब्रायन यांचा, १९५९मध्ये ते जाईपर्यंत. ट्वीटीला सांभाळणारी आजी आधी बी बेनाडेरेट यांची, नंतर जून फोरे यांची. रोड रनरचं ‘बीप बीप’ पॉल ज्युलियन यांचं, जे मुळात पार्श्वभूमी रंगवणारे चित्रकार. ‘रॅबिट फायर’मधला एल्मर इतका भाबडा नसता तर बग्ज-डॅफीचं भांडण रंगलंच नसतं. श्रद्धांजलीच्या पोस्टमध्ये ही नावं घालायला दोन ओळी लागतात. आपल्याकडे तर हिंदीत डब झालेल्या कार्टूनखाली आवाज कुणाचा हे बहुतेकदा लिहिलेलंच नसतं, तेव्हा ही सवय आपल्याला जास्तच हवी.

२४ जानेवारी १९६१ला सनसेट बुलेव्हार्डवर समोरासमोर टक्कर होऊन ब्लँक कोमात गेले, ही हकिकत सगळ्यांना ठाऊक आहे: डॉक्टरांनी ‘बग्ज बनी, कसा आहेस?’ विचारलं आणि उत्तर बग्जच्या आवाजात आलं. त्याच्या पुढचा भाग कमी सांगितला जातो. ‘द फ्लिंटस्टोन्स’ या कार्टून मालिकेत ब्लँक आवाज देत असलेल्या बार्नीचे काही भाग तोवर डॉज बटलर यांनी सांभाळले. नंतर ब्लँक यांनी घरी, अंगभर प्लास्टरमध्ये, पाठीवर पडून बार्नी रेकॉर्ड केला. माइक पलंगावर टांगलेला. उताणं पडून बोलताना पोटाचा आधार नीट मिळत नाही, जीभ मागे घसरते, लांब वाक्यं तुटतात. आणि बार्नी तर खळखळून हसणारा माणूस. त्या काळातले भाग लावून ऐका, नट झोपलेला आहे हे कुठे पकडता येतं का बघा.

सुरुवात करणाऱ्यांनी १९४० ते १९५७मधल्या फिल्मा घ्याव्यात, शक्यतो रिस्टोअर केलेल्या अधिकृत कॉपीत. आधी ‘अ वाइल्ड हेअर’ (१९४०), जिथे बग्जचा आवाज अजून पुरता स्थिरावलेला नाही, मग ‘रॅबिट फायर’ आणि ‘डक अमक’. हेडफोन लावा, आवाज मध्यम ठेवा. टीव्हीच्या ‘सराउंड’, ‘व्हॉइस बूस्ट’ वगैरे सगळ्या सेटिंग बंद करा, कारण या फिल्मा मोनो आहेत आणि त्या सेटिंगमुळे ‘स’ आणि ‘थ’ खरखरीत होतात, म्हणजे नेमका सिल्व्हेस्टरच बिघडतो.