ओला गिलावा म्हणजे अमरपट्टा नव्हे

इटालियन चित्रकार जोत्तो याच्या पादुआ शहरातल्या भित्तिचित्रांचे फोटो आणि त्याखालचा एक मजकूर बराच फिरतो आहे. त्याचं सार असं: जुन्या इटालियन चित्रकारांनी सगळं ओल्या गिलाव्यावर रंगवलं, रंग चुन्यात मुरला, म्हणून ७०० वर्षं चित्रं जशीच्या तशी आहेत. त्यांना कुणी हात लावला नाही, लावायची गरजही नाही. लाकडावरची तैलचित्रंही तशीच ताजी. आणि ही गुप्त कृती आता लोपली.

रंग चुन्यात मुरतो, एवढं खरं. भिजवलेला चुना वाळताना हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतो, त्याचा पुन्हा दगड होतो आणि रंगाचे कण त्यात अडकून बसतात. म्हणूनच चित्रकार एका दिवसात रंगवून होईल तेवढ्याच भागावर शेवटचा गिलावा चढवत. त्या तुकड्याला इटालियनमध्ये ‘जोर्नाता’, म्हणजे दिवसाचं काम, म्हणतात. जवळून पाहिलं तर त्यांचे सांधे दिसतात.

पण ‘सगळं’ ओल्यावर? नाही. गेरू, पिवळी माती यांना चुना सोसतो. तांब्याच्या खनिजापासून केलेल्या निळ्याला तो मानवत नाही. हा निळा वाळलेल्या भिंतीवर सरस किंवा अंड्यात कालवून लावत, आणि तोच आधी पोपडे धरतो. पादुआच्या स्क्रोव्हेन्यी प्रार्थनागृहात (अभिषेक १३०५) मागी, म्हणजे पूर्वेकडून आलेले ज्ञानी लोक, बाळ येशूच्या पाया पडतात ते चित्र पाहा. मरियेच्या झग्याचा निळा बहुतेक गळून गेला आहे. इतका मौल्यवान रंगच आधी गेला, याची मला दर वेळी हळहळ वाटते.

याहून बोलका पुरावा फ्लॉरेन्सच्या सांता क्रोचे चर्चमध्ये आहे. तिथे बार्दी आणि पेरुझ्झी या दोन घराण्यांची प्रार्थनागृहं एकमेकांना लागून आहेत, दोन्ही जोत्तोनं रंगवलेली. बार्दीतलं काम मुख्यतः ओल्या गिलाव्यावर, पेरुझ्झीतलं मुख्यतः वाळलेल्या. चर्च एक, चित्रकार एक, हवा एक. तरी पेरुझ्झीतल्या आकृती आज सावल्यांसारख्या उरल्या आहेत. २०१०मध्ये अतिनील प्रकाशात पाहिल्यावर तिथे चेहऱ्यांची आणि वस्त्रांची हरवलेली घडण पुन्हा दिसली. साध्या डोळ्यांना ती दिसत नाही.

‘कुणी हात लावला नाही’ हे तर साफ चूक. याच दोन प्रार्थनागृहांवर अठराव्या शतकात चुन्याचा हात फिरवला गेला. एकोणिसाव्या शतकात तो खरवडून चित्रं बाहेर काढली. बार्दीत भिंतीला थडग्याची स्मारकं जोडली होती. ती काढल्यावर संत फ्रान्सिसच्या मृत्यूच्या प्रसंगातल्या माणसांचे तुकडेच गायब झालेले दिसले. असिसी गावातल्या संत फ्रान्सिसच्या चर्चमध्ये चिमाबुए या जोत्तोच्या आधीच्या चित्रकाराच्या क्रूसारोहणातला शिशाचा पांढरा काळा पडला आहे. चित्र फोटोच्या निगेटिव्हसारखं दिसतं. त्याच चर्चच्या छताचे काही भाग २६ सप्टेंबर १९९७च्या भूकंपात कोसळले, चौघांचा जीव गेला.

भलेपणाने लावलेला हातही बाधतो. १९२०च्या सुमारास निजाम सरकारने अजिंठ्याला इटालियन तज्ज्ञ आणले. त्यांनी चित्रांवर दिलेला लाखेचा थर पुढे पिवळा पडला. अजिंठ्याला आपण सर्रास ‘फ्रेस्को’, म्हणजे ओल्या गिलाव्यावरची चित्रं, म्हणतो, पण तिथला रंगही वाळलेल्या गिलाव्यावरचा आहे.

लाकडावरच्या ‘तैलचित्रां’बद्दल: जोत्तोची फळ्यांवरची चित्रं तेलातली नाहीत. फ्लॉरेन्सच्या उफ्फिझी संग्रहालयातली त्याची सव्वातीन मीटर उंचीची सिंहासनस्थ मरिया पॉपलर झाडाच्या फळ्यांवर आहे. अशा फळ्यांना आधी सरस आणि जिप्समचे थर देऊन घासून गुळगुळीत करत. सोनं जिथे यायचं तिथे लाल मातीचा लेप, त्यावर सोन्याचा वर्ख. रंग अंड्याच्या पिवळ्या बलकात कालवलेले. ते भराभर वाळतात, म्हणून बारीक रेघारेघांनीच छटा बांधावी लागते.

आणि गुप्त कृती? जोत्तोकडे २४ वर्षं राहिलेला तद्देओ गद्दी, त्याचा मुलगा आन्योलो, आन्योलोचा शिष्य चेन्निनो चेन्निनी. या चेन्निनीने १४००च्या सुमारास सगळं लिहून ठेवलं. तरुण चेहऱ्यांसाठी शहरी कोंबडीच्या अंड्याचा फिकट बलक घ्या, म्हाताऱ्या आणि सावळ्या चेहऱ्यांसाठी गावच्या कोंबडीचा लालसर, इतक्या बारकाव्यानं. ओल्यावर कोणते रंग चालत नाहीत, हेही त्यात आहे.

राहता राहिलं ‘गरज नाही’. पादुआत चित्रांपाशी थेट जाताच येत नाही. मोजक्या माणसांना आधी एका बंद काचेच्या खोलीत पंधरा मिनिटं बसवतात. अंगावरचा दमटपणा आणि धूळ कमी झाली, आतली हवा सावरली, की मगच पलीकडचं दार उघडतं.